नावावर होईपर्यंत

शीतलचा फोन आला तेव्हा दुपार कलू लागली होती. मी पालघरच्या घरी, गॅलरीत बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालीत होते. "मावशी," एवढेच ती म्हणाली आणि पुढे बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला... मुरब्याहून फोन आला की माणसाच्या आधी तिथला वारा बोलतो. मी घाईने विचारले, "ताई?" कारण त्या घरातून वाईट बातमी यायचीच असेल तर ती माझ्या थोरल्या बहिणीची, विमलताईची येईल, अशी तयारी आम्ही सर्वांनी मनात कधीपासून करून ठेवली होती. "आई बरी हाय," शीतल म्हणाली, "बाबा गेले."

बाबा म्हणजे माझे मेहुणे, मधुकर तांडेल. जेवण झाल्यावर ओटीवर भिंतीला पाठ टेकून बसले, शेजाऱ्याचे फाटलेले जाळे मांडीवर घेतले, आणि सुई अर्ध्या गाठीत असतानाच मान किंचित कलली. ताई समोरच खुर्चीवर होती. तिला वाटले, डोळा लागला... तिने आवाज दिला नाही. झोपमोड होऊ नये म्हणून ती बराच वेळ तशीच त्यांच्याकडे बघत बसली होती. हे तिने मला नंतर सांगितले, आणि सांगताना तिचा स्वर असा होता की जणू ती अजूनही हळू बोलत होती, कोणाला जाग येऊ नये म्हणून.

त्याला आता काही आठवडे झाले. मी आयुष्यभर शाळेत भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवले. कोणतीही गोष्ट क्रमाने सांगावी, कारण आधी आणि परिणाम मागाहून, ही सवय हाडात मुरलेली आहे. पण भावोजींची आठवण क्रमाने येत नाही. ती पाण्यासारखी कुठूनही आत येते. तरीही प्रयत्न करते. आणि त्यासाठी एका जुन्या मोटारीची हकिकत सांगावी लागेल, कारण भावोजी कसे होते हे मला त्या मोटारीमुळे जितके स्वच्छ दिसले तितके आधीच्या साऱ्या वर्षांत दिसले नव्हते.

भावोजींचे घर मुरब्याचे, खाडीच्या काठाला. तरुणपणी घरची होडी होती. पुढे भावाभावांत ती विकावी लागली आणि भावोजी तारापूरच्या एका कारखान्यात रंगाऱ्याचे काम करू लागले. टाक्या, पाइप, जिने, कठडे. निवृत्त होईपर्यंत त्यांनी लोखंडच रंगवले. आमचे माहेर सातपाटी. ज्यांनी तो भाग पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: सातपाटी आणि मुरबे ही गावे समोरासमोर आहेत, मध्ये फक्त खाडी. ताईच्या दारात उभे राहिले की पलीकडच्या काठावरची घरे दिसतात, बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांड्या दिसतात, हवा स्वच्छ असेल तर कोणाचे लुगडे वाळत आहे तेही सांगता येते. ताई लग्न होऊन गेली तेव्हा आई म्हणाली होती, "पोरगी लांब कुठं दिली? समोर तर दिली." तरीच्या होडीतून खाडी ओलांडायची, चिखलातून चार पावले चालायचे, की माहेर. रस्त्याने मात्र वळसा फार मोठा: मुरब्याहून पालघर, पालघरहून शिरगाव, शिरगावहून सातपाटी.

मग ताईला पक्षाघात झाला. डावी बाजू लुळी पडली. चिखल, होडी, होडीत चढायची फळी हे सारे संपले. तिकडे आईही अंथरुणाला खिळली. एकीचे घर दुसरीला दिसत होते, आणि जाता मात्र दोघींपैकी एकीलाही येत नव्हते.

वाचक विचारतील, भाड्याची गाडी का केली नाही? केली होती, एकदा. चालकाने ताईला बगलेत धरून आत लोटल्यासारखे बसवले आणि उतरवताना, पुढचे भाडे आहे, जरा उरका, असे दोनदा म्हणाला.  घरी आल्यावर ताई म्हणाली, "मी काय मासळीची पाटी हाय?" त्यानंतर परक्या माणसाच्या गाडीत ती बसली नाही. आम्ही समजावले, रागावलो, काही उपयोग झाला नाही. भावोजी मात्र एकदाही रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "मंग घरची गाडी पायजे."

घरची गाडी मिळाली ती नटुभाईंची. नटुभाई हे कारखान्यातले त्यांचे जुने सोबती. निवृत्तीनंतर वलसाडकडे आपल्या गावी जाऊन राहिलेले. त्यांची लहानशी पांढरी मोटार होती, फारशी न वापरलेली. डोळ्यांवर पडदा येऊ लागल्याने दूरवर गाडी चालवणे त्यांनी सोडले होते. दोघांचे फोनवर ठरले, आणि भावोजी मला म्हणाले, "बाई, तुमी चला. कागद तुमाला वाचता येतात." धाकटी मेहुणी म्हणून माझी थट्टा करायची असली की ते मला मास्तरीण म्हणत, काम गंभीर असले की बाई.

परराज्यातली गाडी आपल्या जिल्ह्यात आणून नावावर करायची म्हणजे विकत घेणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग असतो. तिथल्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. गाडीवर कर्ज शिल्लक नाही आणि पोलिसांत तिची कसली नोंद नाही, हे पाहावे लागते. विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या सह्यांचे अर्ज, विमा, प्रदूषणाचे प्रमाणपत्र, आपल्या राज्याचा कर, आणि मग आपल्या कार्यालयात प्रत्यक्ष तपासणी. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाचा ठसाही द्यावा लागतो. तो घेताना नटुभाईंच्या अंगणात भावोजी गाडीत अर्धे वाकले, कागद क्रमांकावर दाबून धरला आणि शिसपेन्सिल आडवी घासू लागले. मुले नाण्यावर कागद ठेवून घासतात तसे. राखाडी कागदातून एकेक पांढरा आकडा वर आला. "बघा," ते म्हणाले, "हिचं नाव हिच्या अंगातच हाय."

चिकूच्या झाडाखाली चहा झाला. सह्या झाल्या. नटुभाई बराच वेळ किल्ली हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मधुभाई, एक बात बोलूं? बुरा मत मानना. पहले मैंने स्कूटर बेचा था. लेनेवाले ने नाम बदला ही नहीं. ठोकर वो मारता था, और पुलिस मेरे घर आती थी."

हे खरे आहे, आणि पुष्कळांना ते ठाऊक नसते. गाडी दिली, पैसे घेतले, सह्या झाल्या, म्हणजे आपण सुटलो असे विकणाऱ्याला वाटते. पण नोंदवहीत जोवर त्याचे नाव आहे तोवर अपघाताचे उत्तर त्यालाच द्यावे लागू शकते. मी हे समजावून सांगण्यासाठी तोंड उघडले, तोवर भावोजी उठून उभे राहिले होते. "नटुभाई, ये घर ले के जाता हूं. उसके बाद जब तक तेरा नाम है, गाडी मेरे आंगन में बैठेगी. ऑफिस जायेगी, और कहीं नहीं जायेगी."

"अरे, इतना भी नहीं बोला मैंने."

"मैं बोला ना."

परतीचा तो प्रवास मला स्वप्नासारखा आठवतो. राज्याची सीमा ओलांडली, तलासरीचे डोंगर डावीकडे निळे होत गेले... भावोजी महामार्गावर गाडी अशी चालवीत होते की जणू खाली रस्ता नव्हता, पाणी होते. ट्रक भोंगे वाजवीत पुढे जात. ते शांतपणे म्हणाले, "वारा उजवीकडनं हाय."

"गाडीला वाऱ्याशी काय करायचे आहे?"

"गाडीला नाय. मला हाय."

चिल्हारच्या फाट्याला वळलो, बेटेगाव मागे पडले, बोईसरची धुराडी दिसू लागली, आणि मग अचानक खाऱ्या हवेचा तो वास. ताई दारात खुर्ची टाकून बसली होती. पांढरी गाडी अंगणात शिरली तरी ती हलली नाही. भावोजी उतरले तेव्हा तिच्या लक्षात आले. "मला वाटलं, कोन पावना आला."

ते वाक्य भावोजींनी मनावर घेतले, हे मला पुढच्या खेपेस कळले. तपासणीच्या आदल्या दिवशी फाइल तयार करून मी मुरब्याला गेले, तर अंगणात निळी गाडी. नुसती निळी नव्हे. समुद्रावरच्या होडीची ती गडद निळाई, आणि कडेने हळदीसारखी पिवळी पट्टी. आयुष्यभर लोखंड रंगवलेला हात होता, एक ओघळ नाही, एक ठिपका नाही. ताई दारातून हसत होती. आजारानंतर इतके मोकळे हसताना मी तिला पाहिले नव्हते.

"भावोजी, हे काय केलेत?"

"काय केलं? घरचा रंग लावला."

मग त्यांनी सांगितले. तांडेलांच्या घरात रीत होती: दुसऱ्या किनाऱ्यावरून होडी विकत आणली की ती आपल्या होड्यांत लावण्याआधी घरच्या रंगाने रंगवायची. कारण घरच्या बायका काठावरून रंग ओळखत. निळ्यावर पिवळी पट्टी दूर दिसली की चूल पेटवायची, आधण ठेवायचे. "परक्या रंगाची होडी दिसली तर घरात कोन आधन ठेवील? हिनं मला पावना म्हटलं, बाई. मी माझ्या घरात पावना म्हणून आलो."

मी नोंदणीपुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरले. गाडीच्या नावाखाली, इंजिनाच्या क्रमांकाखाली, स्पष्ट लिहिले होते: रंग पांढरा. भावोजींनी ते दोनदा वाचले. "रंगाचं पन लिवतात?" असे म्हणून ते पायरीवर बसले. होडीच्या माणसाला रंग ही घरची गोष्ट वाटते. तिची सरकारदरबारी नोंद असेल, हे त्यांच्या मनात येण्याचे कारणच नव्हते.

दुसऱ्या दिवशी तरीही गेलो, जे आहे ते सांगावे म्हणून. तपासणी करणाऱ्या अधिकारी वयाने शीतलएवढ्या असतील. त्यांनी कागद पाहिला, गाडी पाहिली, पुन्हा कागद पाहिला. "काका, कागदावरची गाडी कुठे आहे?"

"हीच ती, म्याडम. कपडे बदलले."

त्यांना हसू आवरेना, पण त्यांनी सांगितले ते नेमके होते. रंग बदलायला बंदी नाही. मात्र आधी परवानगी, मग रंग, मग नोंद, असा क्रम आहे. आता गाडी नोंदीप्रमाणे पांढरी करून आणा, आपल्या नावावर करून घ्या, आणि मग रंगाचा अर्ज द्या. मी वर्गात हेच वाक्य याहून बरे सांगू शकले नसते.

 परतताना बोईसर आल्यावर भावोजी म्हणाले, "बरोबर हाय तिचं. समुद्रात पन आमी रंगावरनंच माणूस ओळखतो. कागद एक नि रंग एक, म्हंजे चोरीचीच." आणि दुसऱ्या सकाळपासून ती सुंदर निळाई त्यांनी स्वतःच्या हाताने घासून काढायला घेतली. घाई त्यांना ठाऊक नव्हती. आधी घासणे, मग अस्तर, मग पांढरा हात. एक भाग पुरा वाळल्याशिवाय दुसरा नाही. अंगणभर निळी भुकटी पडलेली असे. वारा आला की ती उठे आणि खाडीकडे जाई... ताई दारातून ती जाताना बघत राही.

त्याच दिवसांत सातपाटीहून दादाचा, आमच्या भावाचा, फोन आला. आईने जेवण सोडले होते. पाणीही चमच्याने. "विमल आली का, एवढंच विचारते," दादा म्हणाला. "तू ये. पन तिला आणता येत असेल तर बघ."

मी मुरब्याला पोहोचले तेव्हा गाडी जवळजवळ पांढरी झाली होती. पुढचे डावे दार तेवढे निळे उरले होते. भावोजी रंगाच्या पालथ्या डब्यावर बसले होते. ताईने चांगले पातळ नेसले होते. एका हाताने, कोणाची मदत न घेता. तिला त्यासाठी किती वेळ लागला असेल ते मी विचारले नाही.

"अवो," ती म्हणाली, "गाडी काढा."

भावोजी उठले नाहीत.

"किल्ली तुमच्या खिशात हाय. गाडी अंगणात हाय. काढा."

"विमल, मी नटुभाईला बोललोय. अजून त्याचं नाव हाय हिच्यावर."

"नटुभाई माझ्या आयेपेक्षा मोठा?"

 मी भाड्याच्या गाडीचे नाव काढले. ताईने माझ्याकडे असे पाहिले की मी पुढचे शब्द गिळले.  एका बाजूला दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला खाडीपलीकडे विझत चाललेली आई, आणि मध्ये हा मनुष्य हाताला पांढरा रंग लागलेला, खाली मान घालून बसलेला. कायदा काय म्हणतो ते मला पाठ होते. कायद्याने त्या क्षणी मला काही सुचवले नाही.

मग भावोजी उठले आणि पाण्याच्या दिशेने चालू लागले. वलांड्यांच्या पलीकडे जाऊन त्यांनी फोन कानाला लावला. आम्हाला त्यांची पाठ तेवढी दिसत होती, आणि पलीकडे चकाकणारी खाडी. बोलणे फार वेळ चालले नाही. ते परत आले तेव्हा चेहरा असा गोंधळलेला होता की मला वाटले, नटुभाई नाही म्हणाले.

"येतो बोलला."

"कोण?"

"नटुभाई. मी त्याला विचारलं, एकदाच नेऊ का, तर बोलला, नाम मेरा है ना? तो गाडी मैं चलाऊंगा."

इतकी सरळ गोष्ट, आणि ती माझ्या मनाला शिवली नव्हती. नोंद नटुभाईंची, विमा नटुभाईंचा. मग स्वतः नटुभाईच चालवीत असतील तर कोणाचा शब्द मोडतो? पडदा आलेल्या डोळ्यांवर तोवर शस्त्रक्रिया होऊन गेली होती, परवानाही मुदतीत होता; हे मी विचारून घेतले, विचारल्यावाचून माझ्याने राहवले नाही.

दुसऱ्या सकाळी ते बोईसरला उतरले आणि रिक्षाने मुरब्याला आले, हातात चिकूंची पिशवी. गाडीकडे पाहून थबकले. "मधुभाई, मैंने सफेद दी थी."

"सफेद ही है. एक दरवाजा बाकी है."

ताईला गाडीत बसवायची वेळ आली. मी नटुभाईंना काही सुचवणार तोच ते आपणहून अंगणाच्या टोकाला गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. वाळत घातलेले बोंबील जणू पहिल्यांदाच पाहत आहेत अशा एकाग्रतेने पाहू लागले. भावोजींनी ताईला उचलले. पदर सावरला, लुळा पाय आत घेतला, लुळा हात मांडीवर ठेवला. वेळ लागला. नटुभाईंनी मागे वळून पाहिले नाही, कुठवर आले असे विचारले नाही. शेवटी ताईनेच हाक मारली, "भाई, बघा आता. बसले मी."

रस्ताभर भावोजी मागच्या आसनावरून, माझ्या शेजारी बसून, वाट सांगत होते. "आगे खड्डा है. धीरे. अब बाएं."

"गाडी तेरी है कि मेरी?"

"शाम तक तेरी."

"तो शाम तक चुप बैठ."

ताई हसली. पालघर गेले, शिरगाव आले. सुरूच्या झाडांतून समुद्र दिसू लागला. आमच्या जुन्या गल्लीत गाडी दारापर्यंत गेली. भावोजींनी ताईला उचलून सरळ आईच्या खाटेवर, आईच्या कुशीला बसवले. आईला आता फारसे दिसत नाही. तिने चाचपून ताईचा लुळा हात शोधला, तो उचलून आपल्या गालाला लावला, आणि म्हणाली, "उशीर केलास."

"तुझ्या जावयाला विचार."

"काय रे जावया?"

"रंग वाळत नव्हता, आये," भावोजी म्हणाले.

त्या दुपारी आईने ताईच्या हातून मऊ भात खाल्ला. थोडाच, पण मागून घेऊन. नटुभाई बाहेर ओट्यावर दादाशी चिकूच्या कलमांविषयी बोलत बसले होते. मी दारात उभी राहून पलीकडे पाहिले. खाडीच्या त्या काठावर ताईचे घर दिसत होते, रिकामे अंगण दिसत होते. आयुष्यभर मी ते अंगण इथून पाहिले होते. पण ताईला इकडे, आईजवळ ठेवून पाहिलेले ते अंगण मला अनोळखी, हलके वाटले. कोणी तरी उरावरचे काही उतरवून ठेवावे तसे.

पुढचे सारे रीतसर झाले. दार पांढरे झाले, तपासणी झाली, कर भरला, जिल्ह्याचा नवा क्रमांक आला. नोंद झाल्याचा निरोप मोबाइलवर आला तेव्हा भावोजींनी आधी नटुभाईंना फोन केला: "तू छूट गया." मग रंगाचा अर्ज दिला, परवानगी आली, आणि गाडी पुन्हा निळी झाली, या वेळी कागदासह. त्याच अधिकारी बाईंनी पिवळ्या पट्टीकडे बोट दाखवून विचारले, "काका, ही पण घरचीच का?" आणि तिचीही नोंद करून घेतली.

त्यानंतर ताईचे सातपाटीला जाणे सुरू झाले. आईची तब्येत खालीवर होत राहिली, पण ती टिकली, अजून आहे. मीही कधी कधी पालघरला गाडीत बसे. त्या फेऱ्यांमध्ये विशेष असे काही घडत नसे. शिरगावच्या वळणावर भावोजी ताईच्या बाजूची काच खाली करीत, ताई डोळे मिटून घेई... एवढेच. शीतल बोईसरच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिला त्यांनी सुटीच्या दिवशी गाडी शिकवली, परवाना मिळवून दिला. "मी असतोच असं नाय," असे काही ते तेव्हा बोलले नाहीत. ते तसले बोलणारे नव्हते. ते म्हणाले, "हात मोकळा ठेव पोरी, सुकाणू दाबून धरायचं नसतं."

आणि ते गेले.

अशा वेळी घरात गाडीचा विषय काढणे बरे दिसत नाही. पण कोणी तरी काढावा लागतो, म्हणून लिहिते. मालक मरण पावला की गाडी आपोआप घरच्यांची होत नाही. वारसाने महिन्याच्या आत परिवहन कार्यालयाला कळवायचे, की मालक वारले आणि गाडी आम्ही वापरणार आहोत. मग तीन महिने ती वापरता येते आणि त्या मुदतीत नावावर करून घेण्याचा अर्ज द्यायचा. विमा कंपनीलाही सांगायचे. मी ती सूचना लिहून नेली. ताईने उजव्या हाताने सही केली. सही करताना विचारले, "आता माझं नाव लागेल?" मी म्हटले, हो, थोड्या दिवसांनी. ती म्हणाली, "रंग तोच ठेवायचा, असं लिव."

आईला मात्र अजून कळवले नव्हते. दादाने विचारले होते, मी सांगू का? ताई म्हणाली, नाही. मी जाऊन सांगेन. दिवसकार्य उरकल्यानंतरच्या रविवारी जायचे ठरले. मी सकाळीच मुरब्याला गेले. शीतल आणि मी मिळून ताईला उचलले, पुढच्या आसनावर बसवले, पाय आत घेतला, पदर सावरला. मी मागे बसले. शीतलने किल्ली लावली.

"थांब," ताई म्हणाली.

काही राहिले का, असे मी विचारले. तिने मान हलवली. ती खाडीकडे पाहत होती. ओहोटी लागून गेलेली. पाणी दूर, मध्ये काळा चिखल, आणि चिखलात होड्या कुशीवर पडलेल्या.

"पानी भरू दे."

मला कळेना. मग तिने सांगितले. भावोजी ओहोटीला कधी गाडी सुरू करीत नसत. चावी हातात असे, सगळे तयार असे, पण पाणी फिरेपर्यंत ते काही ना काही काम काढत. काचा पुसत, चाकांत हवा पाहत, नारळाची झावळी उचलून बाजूला ठेवत. मी कित्येकदा पालघरला वाट बघत ताटकळले आहे आणि मनाशी म्हटले आहे, किती हा संथपणा. "पानी उतरताना घरातनं निघायला त्यांना बरं वाटायचं नाय," ताई म्हणाली. "मला पन त्यांनी कधी सांगितलं नाय. मीच बसल्या बसल्या बघून ओळखलं."

रस्त्याला भरती-ओहोटी नसते, हे मी मुलांना शिकवले नसले तरी शिकवू शकले असते. शीतलने आरशातून माझ्याकडे पाहिले. मी खाडीकडे पाहू लागले. तिने किल्ली काढून हातात घेतली.

आम्ही तिघी गाडीत बसून राहिलो. चारही काचा उघड्या होत्या. ऊन हळूहळू चढत होते. पलीकडे सातपाटीची घरे धुक्यासारख्या उजेडात तरंगत होती. त्यातल्या एका घरात आई ताईची वाट पाहत होती, आणि काय ऐकावे लागणार आहे ते तिला ठाऊक नव्हते. बऱ्याच वेळाने चिखलावर एक चकाकती रेघ उमटली. ती रुंद झाली. मग पाणी कसलाही आवाज न करता आत येऊ लागले, खाचाखळग्यांत शिरले, दोरखंडांना लागले. पहिली होडी हलली. कुशीवरून थोडी उठली, पुन्हा टेकली, आणि मग सावकाश सरळ झाली. तिच्या मागची झाली. एकेक करून सगळ्या उभ्या राहिल्या.

ताई बघत होती. शेवटची होडी पाण्यावर आली तेव्हा तिने चांगल्या हाताने लुळा हात उचलून नीट मांडीवर घेतला.

"चल," ती शीतलला म्हणाली.